स्वेटरात गुंडाळलेली केटल

वसतिगृहाच्या खोल्या तपासायच्या असल्या की रेक्टर मॅडमसोबत एका शिक्षिकेनं जायचं, अशी आमच्या कॉलेजात पद्धत आहे. गेल्या हिवाळ्यात पाळी माझी होती. काम सोपं. नोंदवहीत खोलीचा क्रमांक लिहायचा, आगीच्या भीतीनं बंदी घातलेली वस्तू सापडली तर ती लिहायची आणि मुलीची सही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मॅडमनी कपाट उघडायला सांगितलं आणि सगळ्यात खालच्या खणातून, कपड्यांच्या ढिगाखालून, एक जाड लोकरी स्वेटर बाहेर काढला. आत काहीतरी कडक, गोलसर लागत होतं. त्यांनी ते गाठोडं माझ्या हातात दिलं आणि लोकरीतून थेट तळहाताला ऊब लागली. केटल अजून गरम होती. म्हणजे आमची पावलं जिन्यात वाजली तेव्हा ती नुकतीच उकळून झाली असणार. मग घाईघाईनं प्लग काढला, पाणी कुठेतरी ओतलं, हाताला लागेल त्या कापडात ती गुंडाळली आणि कपाटात ढकलली. मुलगी काहीच बोलली नाही. मॅडम रागावल्या नाहीत, त्या रागावत नाहीत. मी ‘इलेक्ट्रिक केटल, १’ असं लिहिलं, तिनं सही केली, आम्ही पुढच्या खोलीत गेलो.

सगळं नियमाला धरून झालं. तरी ती ऊब पुढे कित्येक दिवस माझा पिच्छा सोडत नव्हती.

मला खुपत होतं ते वेगळंच. ती केटल टेबलावर, उघड्यावर, भिंतीच्या प्लगमध्ये लावलेली असती तर तिच्यापासून धोका फारसा नव्हता. आताच्या केटलमध्ये पाणी उकळलं की वाफेनं बंद होणारा स्विच असतो, आणि पाणी संपलं तरी ती आपोआप थांबते. तीच वस्तू गरम असताना लोकरीत गुंडाळून लाकडी कपाटात, कपड्यांखाली गेली, की ती निराळी होते. आग लागू नये म्हणून केलेल्या नियमानं, तो मोडणाऱ्या मुलीच्या हातून, एक गरम वस्तू खोलीतल्या सगळ्यात ज्वलनशील कोपऱ्यात नेऊन ठेवली होती. मॅडम योग्य होत्या, नियम योग्य होता, मुलीची गरजही खोटी नव्हती. तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही कपाट मात्र धोक्याचं झालं होतं.

प्रवेशाच्या दिवशी मुलांच्या हातात बंदी असलेल्या वस्तूंची जी यादी पडते ती कुणी वाचत नाही. त्या दिवशी आई-बाबा सोबत असतात, गादी कुठल्या बाजूला टाकायची हे ठरत असतं, खिडकी उघडते का हे बघायचं असतं. यादीवर सही होते आणि ती फाइलमध्ये जाते. मी ती नंतर शांतपणे वाचली. मेणबत्ती, उदबत्ती, हॉटप्लेट, केटल, टोस्टर, पाणी तापवायचा रॉड, हीटर, इस्त्री, हॅलोजनचा दिवा, एक्स्टेन्शनला जोडलेलं दुसरं एक्स्टेन्शन, छताला बांधलेलं कापड, भिंत झाकून टाकणारे कागद, जिवंत झाडाची सजावट, बॅटरीवरची स्कूटर. वाचता वाचता लक्षात आलं की यात घातक म्हणून जन्माला आलेली वस्तू एकही नाही. ऊब, उजेड, सुगंध, गरम घोट, भिंतीवर आपल्या आवडीचं काहीतरी. परक्या खोलीला आपली खोली करायला माणूस ज्या ज्या गोष्टी करतो, त्या सगळ्या इथे एकाखाली एक लिहिलेल्या आहेत. अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा घरापासून लांब येते. तिनं यांतलं काहीच करायचं नाही, अशी अपेक्षा मोठी आहे. ती का मोठी आहे, हे तिला कुणी सांगत नाही.

मीही वसतिगृहात राहिले आहे. आमच्या मजल्यावर संध्याकाळी दिवे अचानक मंद व्हायचे, पिवळट व्हायचे, आणि कुठल्याशा खोलीतून हसू ऐकू यायचं. कुणीतरी बादलीत रॉड सोडला, हे सगळ्यांना कळायचं. थंडीत पहिल्यांदा हीटर लागला की वर्षभराची धूळ जळल्याचा एक वास व्हरांडाभर पसरायचा, कोरडा, किंचित गोड. तो वास मला अजूनही आवडतो आणि तो आला की अंगावर काटाही येतो. फ्यूज वारंवार उडायचा. मग एका मुलीनं त्यात जाड तार घातली आणि तो उडायचा थांबला. तिचं केवढं कौतुक झालं! फ्यूजची तार बारीक ठेवतात ती वितळावी म्हणूनच. भिंतीतली तार तापायच्या आत ती वितळते, अंधार होतो आणि माणसं वाचतात. जाड तार घातल्यावर अंधार होईना, आणि वितळायची पाळी भिंतीतल्या तारेवर आली. त्या वर्षी काही झालं नाही. ‘काही झालं नाही’ हा वसतिगृहातला सगळ्यात भक्कम पुरावा असतो. प्रत्येक तुकडी तो पुढच्या तुकडीच्या हाती देऊन जाते.

आकडे तर साधे आहेत. मोबाइलचा चार्जर वीस-पंचवीस वॅटचा असतो. केटल, रॉड, इस्त्री, हीटर हे सगळे हजार ते दोन हजार वॅटच्या घरातले. २३० व्होल्टच्या वाहिनीवर १५०० वॅटची वस्तू साडेसहा अँपिअर प्रवाह ओढते. टेबलावरच्या दिव्यासाठी घेतलेल्या बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनला एवढंच पुष्कळ झालं. त्यात मैत्रिणीचा ड्रायर लागला की वायर तापते. तिच्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, परीक्षेत त्यावरचं गणित सोडवलेलं असतं. पण ती वायर गादीखालून गेलेली असते, कारण खोलीत सॉकेट एकच आणि तोही दाराशी. गादीखाली उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते. प्लास्टिक हळूहळू मऊ होतं, तपकिरी पडतं, मासळीसारखा एक विचित्र वास येतो. तो वास कशाचा हे कळेपर्यंत खोलीतले सगळे एकमेकांचे डबे हुंगत बसतात. सॉकेटमधली पकड सैल झाली असेल तर भार कमी असूनही तिथेच तापतं. सैल सॉकेट बदलणं मुलींच्या हातात नसतं. यादीत मात्र फक्त मुलींनी काय करू नये हे आहे.

कपाटातल्या आगीची एक जुनी गोष्ट आहे. १३ डिसेंबर १९७७ च्या पहाटे, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या अक्वायनस हॉल या मुलींच्या वसतिगृहात आग लागली. ओले हातमोजे वाळावेत म्हणून केस वाळवायचा ड्रायर कपाटात चालू ठेवलेला होता. नाताळ जवळ आला होता. मुलींनी व्हरांडे कागदांनी, सजावटीनं भरून टाकले होते आणि आग त्या सजावटीवरूनच पुढे गेली. १० मुली गेल्या. ओले हातमोजे वाळवायची इच्छा किती निरागस आहे, हे मला वाचताना सारखं जाणवत होतं. हातमोजे वाळत घालायला उबदार, हवेशीर अशी एखादी खोली त्या इमारतीत असती तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

दुसरी घटना शांघायमधली, १४ नोव्हेंबर २००८ ची. एका वाणिज्य कॉलेजच्या वसतिगृहात सहाव्या मजल्यावर पहाटे आग लागली आणि चार मुली बाल्कनीतून उड्या मारून मृत्युमुखी पडल्या. कारण होतं पाणी तापवायचा रॉड. तिथे रात्री ठरावीक वेळी खोल्यांची वीज बंद करत आणि सकाळी पुन्हा सोडत. रात्री वीज गेली तेव्हा रॉड बंद झाला, पण प्लग तसाच राहिला. सकाळी सगळ्या झोपेत असताना वीज आली आणि रॉड पुन्हा तापू लागला. रॉडवर बंदी होतीच. वीज बंद करणं हीसुद्धा शिस्तीसाठी केलेली सोय. दोन नियम एकमेकांना न विचारता शेजारी ठेवले होते आणि त्यांच्यामधल्या फटीत ती खोली सापडली.

गरम पाणी. एवढंच हवं होतं.

म्हणून मला वाटतं की वस्तू जप्त करून गरज जप्त होत नाही. मुलीला रात्री अकरा वाजता गरम पाणी लागतं. पाळीच्या दिवसांत पोटाला शेक लागतो, सर्दीत वाफ लागते, परीक्षेच्या आदल्या रात्री काहीतरी ऊन पोटात जावं असं वाटतं. ते मजल्यावर मिळालं तर ती केटल आणणार नाही, आणलीच तरी ती चार जणींसमोर वापरेल. मिळालं नाही तर ती आणेल आणि लपवेल. दर मजल्यावर छोटी पँट्री, भिंतीला पक्कं बसवलेलं गरम पाण्याचं यंत्र, स्वतंत्र वायरिंग आणि आपोआप तुटणारा सर्किट ब्रेकर, हवेशीर वाळवणाची खोली, इस्त्रीसाठी न जळणारं टेबल, पलंगाजवळ पुरेसे सॉकेट. हा खर्च आहे, मान्य. पण हा आगीवरचा खर्च म्हणूनच मांडायला हवा. तो सुखसोयींच्या रकान्यात गेला की दरवर्षी कापला जातो.

यादी वाढत कशी गेली हेही बघण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकात उंच खांबावरचे हॅलोजन दिवे विद्यार्थ्यांच्या खोल्यांत सर्रास असत, स्वस्त आणि लख्ख. त्यांच्या नळीचा पृष्ठभाग ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो हे कुणाच्या गावी नव्हतं. पडदा हलला, दिवा कलंडला, की पेट. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॅझचे मोठे वादक लायोनेल हॅम्प्टन यांचं घर अशाच दिव्यानं जळलं आणि मग त्या दिव्यांची चर्चा सगळीकडे झाली. आज ते दिवे दिसेनासे झाले, पण यादीत त्यांचं नाव बसून आहे. त्यांच्या खाली आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. फुगलेली पॉवर बँक उशीखाली ठेवून झोपणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अशी बॅटरी एकदा आतून तापायला लागली की तिच्यातला एक सेल दुसऱ्याला तापवत जातो आणि विझल्यासारखी वाटूनही ती पुन्हा पेटू शकते. पण मेणबत्ती आणि पॉवर बँक एकाच रांगेत, एकाच अक्षरात छापल्या की मुलींना दोन्ही सारख्याच किरकोळ वाटतात. कशाला किती भ्यायचं हे यादी शिकवत नाही.

आणि दार. वसतिगृहात उघडं दार म्हणजे ‘ये ना’ असं निमंत्रण असतं. माझ्या अर्ध्याअधिक मैत्रिणी मला उघड्या दारामुळे मिळाल्या. दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवायचं, जाता-येता कुणी डोकवायचं, मग तासभर बसायचं. नियम सांगतो की आपोआप मिटणाऱ्या दाराला काहीही अडकवू नका, आणि या एका नियमाबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या चाचण्यांत दिसलं की घरात आग लागलेली असताना बाहेरचं तापमान ५०० अंशांच्या वर गेलं तरी मिटलेल्या दाराआड ते ४० च्या आसपास राहू शकतं. एका साध्या दारानं एवढा फरक पडतो. माणसं मरतात ती बहुतेक वेळा धुरानं. फोमच्या गादीच्या, पॉलिएस्टरच्या पडद्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं, आणि झोपेत नाक जागं नसतं. वासानं जाग येईल हा भरवसा खोटा आहे. म्हणून मी मुलींना सांगते की दिवसा दार हवं तेवढं उघडं ठेवा, समोर बसून ठेवा, पण झोपताना मात्र ते मिटलंच पाहिजे. नियमात असा फरक नाही. तो असायला हवा असं माझं मत आहे, कारण अर्धा दिवस मोडला जाणारा नियम रात्रीही मोडला जातो.

जागं करायचं काम ज्याचं, त्या धुराच्या अलार्मवर मुली मोजा चढवतात. कारण न्हाणीघराचं दार उघडलं की वाफेनं तो कोकलतो. १९ जानेवारी २००० च्या पहाटे साडेचारच्या सुमाराला न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉलमध्ये अलार्म वाजला, तेव्हा कित्येक विद्यार्थी कूस बदलून पुन्हा झोपले. त्याआधी खोटे अलार्म इतके वाजले होते की हाही तसलाच असणार असं त्यांना वाटलं. तिसऱ्या मजल्यावर बसायच्या जागेतले सोफे पेटले होते. तिघं गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. तिथे आग लावली गेली होती. खोलीतल्या केटलचा, मेणबत्तीचा काही संबंध नव्हता, म्हणजे निषिद्ध वस्तूंची यादी अक्षरशः पाळली गेली असती तरी ती आग लागलीच असती. त्या इमारतीत आगीवर छतातून आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. त्याच वर्षी न्यू जर्सीनं वसतिगृहांना स्प्रिंकलर बसवायची सक्ती करणारा कायदा केला.

स्प्रिंकलरबद्दलही मुलींच्या मनात भलतंच असतं. धूर झाला की सगळे एकदम सुरू होतात, खोली पाण्यानं भरते, असं त्यांनी पडद्यावर पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची एक बारीक कुपी असते, आत रंगीत द्रव. लाल कुपी ६८ अंशांना फुटते. जिथे आग तिथलीच फुटते, शेजारच्या खोलीतली शाबूत राहते. धुराशी तिचा संबंधच नाही. म्हणूनच तिच्यावर हँगर अडकवू नका असं लिहिलेलं असतं. ओल्या कोटाच्या वजनानं कुपी फुटली तर आग नसतानाही मजला भिजतो. हे मी एकदा वर्गात पाच मिनिटांत सांगितलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी तिथे पडदा बांधला नसता.” ती दुसऱ्याच दिवशी स्टूल घेऊन पडदा सोडायला गेली. दंड तिला आधी दोनदा झालेला होता.

पण सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती दारांचीच दुसरी बाजू. २००१ च्या मार्चमध्ये केनियातल्या क्यांगुली माध्यमिक शाळेच्या वसतिगृहात ६७ मुलगे जळून गेले. दोन दारांपैकी एक बाहेरून कुलूपबंद होतं आणि खिडक्यांना गज होते. तिथेही आग मुद्दाम लावलेली होती, पण मुलं बाहेर येऊ शकली नाहीत ती कुलपामुळे. मुलींच्या वसतिगृहात तर कुलूप ही काळजी म्हणूनच लावलं जातं. रात्री जाळी ओढायची, मागचा जिना बंद करायचा, किल्ली एकीकडेच. पालकही याच प्रश्नानं समाधानी होतात की रात्री कुलूप असतं ना? मी पालक असते तर मीही कदाचित तेच विचारलं असतं. आतून ढकलताच उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार ही काही नवी गोष्ट नाही, त्याला आडवा दांडा असतो आणि उघडलं की घंटा वाजवायची सोयही करता येते. सुरक्षितता दोन्ही अर्थांनी राखता येते. तरी मागच्या जिन्याच्या कुलपाची नोंद मी आमच्या वहीत करू शकले नाही, कारण त्या वहीत रकाने फक्त खोली क्रमांक, वस्तू आणि मुलीची सही एवढेच आहेत.

तपासणीनंतर काही दिवसांनी ती मुलगी मला ग्रंथालयात भेटली. केटल परत मिळेल का, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, “मॅडम, हॉटप्लेटचं समजतं, पण केटलला का नाही म्हणतात?” मी तिला वायरचं सांगितलं, तिच्या खोलीतल्या वीस वर्षांच्या वायरिंगचं सांगितलं, एका मजल्यावर चाळीस केटल एकाच वेळी लागल्या तर काय होईल याचं गणित तिलाच करायला लावलं. तिनं ते वहीच्या मागच्या पानावर केलं आणि म्हणाली, “मग वायरिंग बदलायला नको का?”

हेच मी लेखी दिलं आहे. यादीत प्रत्येक वस्तूसमोर दोन रकाने वाढवावेत, एकात कारण आणि दुसऱ्यात ‘याऐवजी कुठे’. जिथे दुसरा रकाना कोरा राहील तिथे संस्थेनं आधी तो भरावा. तपासणीच्या वहीत मुलींच्या वस्तूंबरोबर सैल सॉकेट, बंद जिना, झाकलेला अलार्म आणि तो कशामुळे झाकावा लागला, हेही लिहिलं जावं, आणि त्याखाली सही संस्थेची असावी. आगीचा सराव दुपारी बारा वाजता घेतात, तेव्हा निम्म्या मुली वर्गात असतात. तो एकदा पहाटे घ्यावा. रेक्टर मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढून थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, पहाटेच्या सरावाला मी तयार आहे, वायरिंगचं तुम्ही समितीत बोला. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. पहिला मुद्दा मी मजल्यावरच्या गरम पाण्याचा ठेवला आहे, दुसरा मागच्या जिन्याच्या किल्लीचा. त्या मुलीनं केलेलं चाळीस केटलचं गणित मी तिच्या परवानगीनं अर्जाला जोडलं आहे.